काकूंच्या व्हिसावर '०१': दुब्रोव्निकच्या एका प्रवासाचं प्रकरण

व्हिसाची ही फाइल सल्ल्यासाठी माझ्यासमोर आली तेव्हा २०२५ चा मे महिना अर्धा सरला होता आणि प्रवास सप्टेंबरमध्ये होता. प्रवासी तिघी, तिघींकडे भारतीय पासपोर्ट. थोरली स्वतःचे क्लास चालवणारी, धाकटी खासगी कंपनीत नोकरीला, आणि त्यांची आई, वय ६८, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. आईंना मी काकू म्हणते, इथेही तसंच म्हणेन. काकूंचा हा पहिलाच परदेश प्रवास. थोरली मात्र २०२३ आणि २०२४ मध्ये एकेकदा युरोपला जाऊन आलेली.

व्हिसा नाकारला गेला, कुणाला विमानतळावरून परत पाठवलं, असं काही या प्रकरणात घडलेलं नाही. तिघींना व्हिसा मिळाला, तिघी जाऊन सुखरूप परतल्या. तरीही ते सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण व्हिसा हातात आल्यानंतर केलेला एक साधा बदल किती महागात पडू शकतो, हे यात फार स्पष्ट दिसतं. बहुतेकांचा सगळा जीव कागद जमवण्यात असतो. ज्या सीमा आपण ओलांडणार आहोत त्या कुणी मोजतच नाही.

आखणी अशी होती. ५ सप्टेंबरला व्हिएन्नात उतरायचं, तिथे तीन रात्री. मग रेल्वेने स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्याना, दोन रात्री. तिथून क्रोएशिया: प्लिटविस तलावांजवळ दोन, स्प्लिटला तीन आणि दुब्रोव्निकला चार रात्री. १९ सप्टेंबरला दुब्रोव्निकहूनच इस्तंबूलमार्गे परत. दुब्रोव्निकच्या मुक्कामात दोन दिवस बाहेरच्या सहली धरल्या होत्या, एक मोस्तारची आणि एक कोटरची. त्या दोन्ही ओळींपुढे धाकटीने लिहिलं होतं, 'तिथे गेल्यावर बुक करू'.

सगळं प्रकरण पुढे या दोन ओळींवरच फिरलं.

अर्ज कुठल्या देशाकडे?

पहिला प्रश्न मात्र वेगळाच निघाला. तिघींनी ऑस्ट्रियाच्या व्हिसाची तयारी केली होती. कारण दोन: विमान व्हिएन्नात उतरतंय आणि ऑस्ट्रियाची अपॉइंटमेंट लवकर मिळत होती. 'जिथे उतरायचं तिथला व्हिसा' हा समज इतका पक्का बसलाय की तो दरवेळी नव्याने काढावा लागतो.

शेंगेन क्षेत्र म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी न ठेवणारे, एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश; आज ते २९ आहेत. व्हिसा एकच असला तरी तो कोणी द्यायचा हे युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेने ठरवून दिलंय. प्रवासाचं मुख्य ठिकाण ज्या देशात, म्हणजे मुक्काम जिथे सर्वांत जास्त किंवा प्रवासाचा खरा उद्देश जिथे, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुख्य ठिकाण ठरवता येत नसेल, दोन देशांतले दिवस सारखे असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा. इथे ऑस्ट्रियात तीन रात्री, स्लोव्हेनियात दोन आणि क्रोएशियात नऊ. वाद घालायला जागाच नव्हती. अर्ज क्रोएशियाकडेच जायला हवा होता.

धाकटी मला म्हणाली, "ताई, हॉटेलच्या बुकिंगमध्ये व्हिएन्नाच्या रात्री वाढवून दाखवू, व्हिसा आला की बदलू." हा सल्ला तिला कुणीतरी दिला होता, आणि तो सर्रास दिला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. खोट्या आखणीवर मिळवलेला व्हिसा पुढे रद्द होऊ शकतो, आणि व्हिएन्नाच्या काउंटरवर अधिकाऱ्याने हॉटेलची कागदपत्रं मागितली तर उत्तर काय देणार? पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या काकूंना त्या काउंटरवर खोटं बोलायची वेळ आणायची, हे मला पटणारं नव्हतं. क्रोएशिया २०२३ च्या १ जानेवारीपासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे क्रोएशियाने दिलेल्या व्हिसावर व्हिएन्नात उतरता येतं. तो अनेकांना वाटणारा अडथळा मुळात नाहीच.

सतरा दिवस कमी

काकूंचा पासपोर्ट २ डिसेंबर २०२५ पर्यंत वैध होता. प्रवास १९ सप्टेंबरला संपतोय, मधे अडीच महिने शिल्लक, म्हणून घरात कुणाला शंका आली नव्हती. पण शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध लागतो. म्हणजे १९ डिसेंबर. सतरा दिवस कमी पडत होते.

बाकीच्या दोन अटी काकू सहज पूर्ण करत होत्या: पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि व्हिसासाठी किमान दोन कोरी पानं हवीत. पण तिसऱ्या अटीवर तडजोड होत नाही. पासपोर्ट नव्याने काढायला टाकला, जूनमध्ये हातात आला. मेमध्ये लक्षात आलं म्हणून हे निभावलं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण पासपोर्टच बदलायचा असेल तर ही मुदत कागदावरच उरते.

विमानाचं तिकीट आधी नवीन नंबरशिवाय काढून ठेवू नका, हेही तेव्हाच सांगितलं. परतीसाठी त्यांना लंडनमार्गे एक स्वस्त तिकीट दिसलं होतं. ते मी नको म्हटलं. लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. काही सवलती आहेत, पण शेंगेनचा पर्यटक व्हिसा हातात असणं ही त्यांतली नव्हे.

'जाणं एक, येणं एक'

आता मूळ मुद्दा. मोस्तार बॉस्निया-हर्झेगोविनामध्ये आहे आणि कोटर माँटेनेग्रोमध्ये. दोन्ही देश शेंगेनबाहेर. दुब्रोव्निक क्रोएशियाच्या अगदी दक्षिण टोकाला असल्याने तिथून या दोन्ही ठिकाणी सकाळी जाऊन रात्री परतता येतं, आणि हजारो पर्यटक तसं करतातही. ज्यांना व्हिसाच लागत नाही अशांसाठी ती नुसती बसची सहल असते. आपल्यासाठी ती शेंगेनमधून बाहेर पडणं आणि नव्याने आत येणं असतं.

अर्जात एक रकाना असतो: किती प्रवेश हवेत? एक, दोन की अनेक. थोरलीने 'अनेक' लिहिलं होतं, तिला अनुभव होता. धाकटीने 'दोन' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "जाणं एक, येणं एक. झाले ना दोन." हा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे की इथे थोडं थांबून मोजायलाच हवं. बाहेर पडणं मोजलं जात नाही. फक्त आत येणं मोजलं जातं. व्हिएन्नात उतरलात, पहिला प्रवेश. मोस्तारहून संध्याकाळी क्रोएशियाच्या नाक्यावर परत आलात, दुसरा. दुसऱ्या दिवशी कोटरहून परतलात, तिसरा. दोन सहली करायच्या तर तीन प्रवेश लागतात, म्हणजे 'दोन'चा व्हिसा दुसऱ्या सहलीच्या संध्याकाळी अपुरा पडला असता. धाकटीच्या अर्जात 'अनेक' केलं आणि मोस्तार-कोटर या दोन्ही सहली तारखांसकट आखणीत लिहायला लावल्या. 'तिथे गेल्यावर बुक करू' ही ओळ काढली. कारण नुसतं 'अनेक' वर खूण करून चालत नाही, ते का हवं हे आखणीवरून दिसलं पाहिजे. शुल्क सारखंच आहे, प्रौढाला ९० युरो. कमी प्रवेश मागून पैसे वाचत नाहीत.

आणि काकूंचा अर्ज? त्यावर 'एक' होतं. मी विचारलं, काकू जाणार नाहीत का सहलींना? दोघींचं ठाम उत्तर आलं: आईचे गुडघे दुखतात, दिवसभर बसमध्ये बसणं तिला झेपणार नाही, ती दुब्रोव्निकलाच आराम करेल. मी म्हटलं, तरीही 'अनेक' मागून ठेवा, आखणीत तिच्यापुढे 'प्रकृतीनुसार' लिहा. त्यांना भीती वाटली की ६८ वर्षांच्या, कधीच बाहेर न गेलेल्या बाईने जास्त मागितलं तर संशय येईल. काकू तेव्हा समोरच होत्या आणि त्याही म्हणाल्या, "नको बाई, जेवढं लागतं तेवढंच." ज्यांचा अर्ज त्यांचा निर्णय. तो तसाच राहिला.

माझं मत आजही तेच आहे. ज्या प्रवासाच्या वाटेवर शेंगेनची बाहेरची सीमा हाताच्या अंतरावर आहे, तिथे जाण्याची शक्यता प्रामाणिकपणे लिहून प्रवेश वाढवून मागण्यात काहीही गैर नाही. अधिकारी देतील किंवा देणार नाहीत. मागितलं नाही तर मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

बाकीचे कागद

यात सांगण्यासारखं थोडं आहे. धाकटीचं कंपनीकडून रजेचं पत्र, पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं. थोरलीचे व्यवसायाचे कागद आणि विवरणपत्रं. काकूंच्या पेन्शनचं खातं. थोरली काकूंच्या खात्यात एक मोठी रक्कम भरून ठेवणार होती, 'शिल्लक चांगली दिसावी म्हणून'. ते करू दिलं नाही. अर्जाच्या तोंडावर अचानक आलेला पैसा सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. त्यापेक्षा महिन्याच्या महिन्याला येणारी पेन्शन जशी आहे तशी दाखवली आणि खर्च थोरली करणार हे तिच्या पत्रात स्वच्छ लिहिलं. विमा तिघींचा, किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. मुलींचा मात्र बॉस्निया आणि माँटेनेग्रोही धरणारा, कारण शेंगेनपुरती पॉलिसी नाका ओलांडला की संपते.

जुलैच्या मध्यावर तिघींनी अर्ज दिले. काकू आणि धाकटी यांचे बोटांचे ठसे घेतले. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे थोरलीचे आधीचेच चालले. निर्णयाची नियमातली मुदत पंधरा दिवस, गरज पडली तर पंचेचाळीसपर्यंत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट परत आले.

तीन स्टिकर, तीन वेगळे व्हिसा

एकाच घरातल्या, एकाच आखणीवर, एकाच दिवशी दिलेल्या अर्जांवर तीन वेगळे व्हिसा आले. यात नवल नाही, प्रत्येक अर्ज स्वतंत्र बघितला जातो.

थोरलीला दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा. युरोपीय संघाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर साधारणपणे पाच वर्षांचा. थोरलीच्या आधीच्या दोन्ही सहली इथे कामी आल्या. अर्थात दोन वर्षांचा व्हिसा म्हणजे दोन वर्षं राहायची मुभा नव्हे. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा तिलाही आहे.

धाकटीला या प्रवासापुरता, पण अनेक प्रवेशांचा. काकूंना मागितल्याप्रमाणे एका प्रवेशाचा.

काकूंचं स्टिकर जवळून बघण्यासारखं आहे. त्यावर लिहिलेलं: ०५-०९-२५ पासून ०४-१०-२५ पर्यंत, मुक्कामाचे दिवस १५, प्रवेश ०१. त्यांनी 'पर्यंत'ची तारीख वाचली आणि खूश झाल्या, "अगं, ऑक्टोबरपर्यंत राहता येईल!" राहता येत नाही. ५ ते १९ सप्टेंबर, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरून, बरोबर पंधरा दिवस होतात. त्यापुढचे पंधरा दिवस ही फक्त सवड आहे: विमान रद्द झालं, निघणं दोन दिवस पुढे गेलं, तर व्हिसाची तारीख संपून पंचाईत होऊ नये म्हणून. प्रवास कधीही सुरू करा, आत घालवलेले दिवस पंधराच. तारीख, दिवस आणि प्रवेश ही तीन वेगवेगळी बंधनं आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळायची असतात. यांतलं कुठलंही एक आधी संपलं की व्हिसा संपला. तारीख उरली आहे, दिवस उरले आहेत, म्हणून दुसरा प्रवेश मिळत नाही.

काकूंचा बेत बदलला

ऑगस्टच्या मध्यावर थोरलीचा फोन आला. काकूंनी दरम्यान मोस्तारबद्दल वाचायला घेतलं होतं. इतिहासाच्या शिक्षिका त्या. १५६६ मध्ये उस्मानी काळात बांधलेला नेरेत्वा नदीवरचा दगडी पूल, ९ नोव्हेंबर १९९३ ला युद्धात तोफांच्या माऱ्याने तो पाडला गेला, २००४ मध्ये जुन्या पद्धतीने पुन्हा उभा राहिला, आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता काकू म्हणत होत्या, गुडघ्यांचं मी बघून घेईन, पण तो पूल बघितल्याशिवाय मी दुब्रोव्निकहून परत येणार नाही.

मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांची इच्छा अगदी रास्त होती. आम्ही एकेक वाट तपासली.

व्हिसावर प्रवेश वाढवून मिळेल का? मिळालेल्या व्हिसात प्रवेशांचा आकडा खोडून दुसरा घालत नाहीत. नवा अर्ज करावा लागतो, नव्या शुल्कासह. उरलेल्या दिवसांत पासपोर्ट पुन्हा दूतावासात अडकवायचा आणि हातातला चांगला व्हिसा पणाला लावायचा, हे कुणालाच पटलं नाही.

मोस्तार शेवटी ठेवून बॉस्नियाहूनच परतावं? कागदावर हे छान दिसतं: दुब्रोव्निकहून निघायचं, मोस्तार बघायचं, सारायेव्होहून विमान पकडायचं, शेंगेनमध्ये परत यायची गरजच नाही. पण बॉस्नियात शिरण्याचा नियम मधे येतो. भारतीय पासपोर्टवर तिथे व्हिसा लागतो. शेंगेनचा वैध व्हिसा असेल तर सूट आहे, पण ती अनेक प्रवेशांच्या व्हिसाला. काकूंच्या '०१' वर ती मिळत नाही. बॉस्नियाचा स्वतंत्र व्हिसा काढायला वेळ उरला नव्हता.

तिसरी वाट एका ओळखीच्याने सुचवली होती: "सहलीच्या बसमध्ये गर्दी असते, कुणी नीट बघत नाही." याला मी फोनवरच थांबवलं. नाक्यावर प्रत्येकाचा पासपोर्ट बघतात. आणि समजा बाहेर पडता आलं, तर परतताना क्रोएशियाचा अधिकारी वापरून संपलेल्या व्हिसावर आत घेणार नाही. सामान हॉटेलात, औषधं हॉटेलात, मुली आत आणि आई बाहेर, हे चित्र त्या माणसाने कधी डोळ्यांसमोर आणलं असेल असं वाटत नाही. शिवाय प्रवेश नाकारल्याची नोंद पुढच्या अर्जांत आड येऊ शकते.

त्यामुळे काकूंचं मोस्तार या वेळी होणार नव्हतं. त्यांनी ते ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि मान्य केलं.

नकाशावरचा अरुंद तुकडा

हे सगळं चाललं असताना माझं लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीवर गेलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा धोका तोच होता. १५ सप्टेंबरला तिघी स्प्लिटहून दुब्रोव्निकला बसने जाणार होत्या. दोन्ही शहरं क्रोएशियातली. सहल नाही, सीमा नाही, असंच कुणालाही वाटेल.

पण क्रोएशियाचा किनारा मधेच तुटलेला आहे. नेउम नावाच्या गावाशी बॉस्नियाचा एक अरुंद पट्टा समुद्रापर्यंत येतो आणि दुब्रोव्निकला उरलेल्या क्रोएशियापासून वेगळं करतो. हा तुकडा १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहाची देणगी: तेव्हाच्या दुब्रोव्निक प्रजासत्ताकाने व्हेनिसच्या प्रदेशाला आपली हद्द भिडू नये म्हणून ही जमीन उस्मानी साम्राज्याला दिली. तीनशेहून अधिक वर्षांनी तीच रेषा भारतीय पासपोर्टवरच्या एका प्रवेशाच्या व्हिसाला आडवी येते. जुना किनारी रस्ता या पट्ट्यातून सुमारे नऊ किलोमीटर जातो आणि दोन्ही टोकांना नाके आहेत. काकूंची बस त्या रस्त्याने गेली असती तर त्या बॉस्नियाच्या दारात, आणि परत आत यायला प्रवेश शिल्लक नाही.

२६ जुलै २०२२ ला पेल्येशाच पूल खुला झाला. साधारण २.४ किलोमीटर लांबीचा हा पूल नेउमला वळसा घालून क्रोएशियाच्याच जमिनीवरून दुब्रोव्निकला नेतो. पण जुना रस्ता बंद झालेला नाही. भाड्याच्या गाडीतला मोबाइल कधी कधी तोच सुचवतो, आणि ड्रायव्हरला प्रवाशांच्या व्हिसाची कल्पना नसते. बस कंपनीला लेखी विचारायला सांगितलं: तुमची गाडी पुलावरून जाते की नेउममधून? दोन दिवसांत सरळ उत्तर आलं नाही. मग काकूंसाठी तो प्रश्नच संपवला. स्प्लिटहून हंगामात बेटांना लागत जाणारी कॅटामरान बोट दुब्रोव्निकला जाते. समुद्रात नाका नाही. तिघींनी बोटीची तिकिटं काढली.

प्रत्यक्ष प्रवास

निघताना विमान कंपनीच्या काउंटरवर काकूंचा पासपोर्ट बराच वेळ बघितला गेला. याचं कारण समजून घेतलं तर भीती वाटत नाही. कागद अपुरे असलेल्या प्रवाशाला आणलं तर युरोपात विमान कंपनीला दंड होतो, दर प्रवाशामागे हजारो युरो, आणि त्याला परत नेण्याची जबाबदारीही तिचीच. म्हणून तिथला कर्मचारी नियमांच्या संगणकीय यादीशी पासपोर्टची मुदत, व्हिसाच्या तारखा, परतीचं तिकीट ताडून बघतो. काकूंचा जुना पासपोर्ट असता तर त्या सतरा दिवसांवर बहुधा इथेच गाडी अडली असती.

व्हिएन्नात अधिकाऱ्याने अपेक्षित प्रश्न विचारला: व्हिसा क्रोएशियाचा, मग इथे कशा? थोरलीने छापलेली आखणी पुढे केली. तीन, दोन, नऊ रात्री, प्रत्येक हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट. शिक्का बसला. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, शेवटचा शब्द नाक्यावरच्या अधिकाऱ्याचा असतो. म्हणून हे कागद पेटीत न टाकता हातात ठेवायला सांगितले होते.

ऑस्ट्रिया ते स्लोव्हेनिया आणि स्लोव्हेनिया ते क्रोएशिया या दोन्ही ठिकाणी पासपोर्ट तपासले गेले. काकू घाबरल्या, आपला एक प्रवेश इथेच खर्च झाला की काय. तसं होत नाही. ऑस्ट्रियाने स्लोव्हेनियाच्या आणि स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या सीमेवर तेव्हा तात्पुरती तपासणी सुरू ठेवलेली होती, पण ती शेंगेनच्या आतली. शिक्का बसत नाही, प्रवेश मोजला जात नाही. पासपोर्ट जवळ हवा, एवढंच.

१६ सप्टेंबरला धाकटी एकटी मोस्तारला गेली. थोरली काकूंना घेऊन स्टोनला गेली, पेल्येशाच द्वीपकल्पाच्या तोंडाशी, जिथे चौदाव्या शतकापासूनची काही किलोमीटर लांबीची दगडी तटबंदी आणि जुनी मिठागरं आहेत. सगळं क्रोएशियाच्या हद्दीत. काकूंनी तटबंदीवर जमेल तितकं चढून बघितलं. कोटर तिघींनीही सोडून दिलं.

धाकटीच्या पासपोर्टवर त्या एका दिवसाचे दोन शेंगेन शिक्के आहेत: सकाळचा बाहेर पडण्याचा, कोपरे गोल असलेला, आणि रात्रीचा आत येण्याचा, सरळ चौकटीचा. तिने मला विचारलं, तो दिवस बाहेर गेला म्हणजे माझा एक दिवस वाचला का? वाचला नाही. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस दोन्ही शेंगेनमध्येच धरले जातात.

हे शिक्के आता इतिहासजमा होत आहेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवून प्रत्येक येणं-जाणं संगणकात राहतं. शिक्का पुसट आहे, पान चिकटलं आहे, असली सबब पुढे चालणार नाही. मोस्तारच्या एका सहलीचाही हिशेब नाक्यावरचं यंत्र लगेच सांगेल.

काकूंची पुढची फाइल मी सध्या लावते आहे. मुख्य ठिकाण पुन्हा क्रोएशिया, मुक्काम दुब्रोव्निकला, मोस्तार तारखेसह आखणीत, विमा बॉस्नियासह. आधीचा व्हिसा त्यांनी बरोबर पंधरा दिवसांत, एका प्रवेशात, तंतोतंत पाळला ही गोष्ट या अर्जात त्यांच्या बाजूने उभी आहे. प्रवेशांच्या रकान्यात या वेळी काकूंनी स्वतःच 'अनेक' वर खूण केली, आणि बसच्या रस्त्याबद्दल मला विचारायच्या आधीच नकाशा उघडून नेउम कुठे आहे ते दोघी मुलींना दाखवलं.